पाकीट एकाहत्तर, पाकीट बहात्तर

४ फेब्रुवारी

ती. ताई,

पार्सल काल पोचलं. पाकिटं ऐंशी भरली. दोनदा मोजली, कारण तू विचारणारच. वरचे आकडे भावजींच्या हातचे, हे लगेच ओळखलं. त्यांना सांग, डिंक एवढा थापलाय की पाकीट फोडायला सर्जन बोलवावा लागेल.

अभ्यासाचं जे काही असेल ते कागदावर, तारखेसकट, आणि फोनवर फक्त सर्दी-पडसं, असा तुझा हुकूम आहे. तेव्हा सविस्तर लिहिते.

आठही हवेच्या गाद्या आल्या. पायथ्याशी डब्याएवढी मोटर असते आणि गादीतले कप्पे आळीपाळीने फुगतात नि बसतात. माणूस न हलताही त्याच्या पाठीवरचा भार जागा बदलत राहतो. आमच्या वॉर्डात बत्तीस खाटा. निम्मे पक्षाघाताचे, बाकीचे बहुतेक खुब्याचं हाड मोडलेले. स्वतःहून कुशीवर वळणारा एखादाच. प्रत्येकाला दर दोन तासांनी वळवावं असं पुस्तकात आहे, पण पुस्तक लिहिणाऱ्याला एका पाळीला दोन सिस्टर आणि एक मावशी एवढ्यावर भागवावं लागलं नसावं. वळवायचं राहिलं की आधी माकडहाडावर लाली येते, मग कातडी जाते, मग आतलं दिसायला लागतं. वीस वर्षं मी या पाठी बघते आहे.

गाद्या सहा महिन्यांच्या बोलीवर आहेत. प्रशासक साहेब म्हणाले, कळवळा मला कळतो सिस्टर, पण वर पाठवायला आकडे लागतात. चाळीस जण हवेच्या गादीवर, चाळीस जण नेहमीच्या गादीवर, प्रत्येकी चौदा दिवस. बेडसोर कोणत्या बाजूला कमी, ते बघायचं. फरक दिसला तर गाद्या राहतील, आणखीही येतील. नाही दिसला तर आठही परत.

मला एक भीती वाटते. उत्तर मला आधीच माहीत आहे असं वाटतं. मग हा अभ्यास आहे की गाद्या ठेवून घेण्याची युक्ती? हेच माझ्या प्रबंधाच्या गाईड मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आधी फॉर्म भरा. तू काय म्हणतेस?

तुझी,
भिंगरी
(वय चव्वेचाळीस. पदव्युत्तर वर्गातल्या मुली काकू म्हणतात.)


१२ फेब्रुवारी

भिंगरीबाई,

मावशीने तुला हे नाव ठेवलं ते बरोबरच होतं. एका जागी बसून विचार करणं तुला कधी जमलं नाही, आणि आता करायला लागलीस तर नको तितका करतेस.

उत्तर माहीत आहे असं वाटण्यात काही गैर नाही. सगळ्यांनाच वाटतं. पाकिटं त्यासाठीच असतात. तू म्हणशील, ही आजी हाडांची काडी झालीय, हिला हवेची गादी द्या. उशिराच्या पाळीची सिस्टर म्हणेल, हा माणूस जड आहे, वळवताना कंबर मोडते, याला द्या. मग शेवटी जो फरक दिसेल तो गादीचा की माणसांचा, हे कोणाच्या बापाला सांगता येणार नाही. चिठ्ठीला दया येत नाही, म्हणून ती हवी.

चिठ्ठ्या अशा केल्या. चाळीस ‘हवेची’, चाळीस ‘नेहमीची’. पिठाच्या डब्यात घालून भावजींनी डबा हलवला, मी एकेक काढली, त्यांनी ती घडी घालून पाकिटात सारली. उजेडाला धरलं तरी दिसू नये म्हणून आत चांदीचा कागद आहे. कुठल्या पाकिटात काय आहे त्याची यादी माझ्या कपाटात आहे, तुला मिळणार नाही. माझे डोळे म्हणशील तर काचबिंदूने कडा खाल्ल्यात, नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. पण चाचपून काम होतं. संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले तरी अजून तीन विद्यार्थिनींचे अभ्यास याच डब्यातून निघायचेत.

तुझ्यापुरता नियम एवढाच की आधी सही, मग पाकीट. पाकिटं आकड्याच्या क्रमाने. फोडलं की जे निघेल ते.

ताई


२० मार्च

ती. ताई,

अठरा झाले.

नातेवाइकांना समजावणं हेच निम्मं काम आहे. एका मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, म्हणजे सोडतच की सिस्टर, आमची आई आयुष्यात काही जिंकली नाही, आता काय जिंकणार. तिला हवेची निघाली. तो दिवसभर सगळ्यांना सांगत फिरत होता.

‘नेहमीची’ निघते तेव्हा मात्र माझ्या चेहऱ्याकडे बघतात. मी म्हणते, काळजी तीच घेणार आहोत, फक्त गादी वेगळी. खरं आहे ते. पण म्हणताना मी चादरीच्या कोपऱ्याकडे बघत असते हे परवा लक्षात आलं.

उशिराच्या पाळीच्या सिस्टरना आम्ही उशीवाल्या बाई म्हणतो. घरच्या जुन्या उशा आणून त्या पेशंटच्या टाचांखाली ठेवतात, निवृत्तीला आल्या तरी. मी त्यांना बजावलं की उशा द्यायच्या तर सगळ्यांना द्या, नाहीतर कोणालाच नको, अभ्यास बिघडेल. त्या म्हणाल्या, तुझा अभ्यास टाचेपर्यंत पोचला का गं? आणि मग सगळ्या उशा परत घेऊन गेल्या. हे मी बरोबर केलं की चूक, ते डायरीत चार वेळा लिहून झालं.

एक विचारायचं होतं. एकाच सकाळी दोघांच्या सह्या झाल्या तर पहिलं पाकीट कोणाचं?

भिंगरी


२८ मार्च

भिंगरी,

घड्याळ बघायचं. ज्याची सही आधी त्याचं पाकीट आधी. मिनिटासकट वहीत लिहून ठेव, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवलं तर वही बोलेल.

उशांचं तू बरोबर केलंस. वाईट वाटलं तरी बरोबर.

असे प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी मला तीस वर्षांत दोनदाच मिळाली. भावजींना हे वाचून दाखवायला सांगितलं तर म्हणाले, दुसरी कोण?

ताई


३० जून

ती. ताई,

ऐंशी झाले. काल शेवटच्या पेशंटचे चौदा दिवस भरले. वहीची नक्कल आणि सगळे तक्ते सोबत पाठवते आहे. वय, वजन, रोजची पाठीची नोंद, सगळं आहे. या महिन्यांत पत्र लिहिलं नाही त्याबद्दल माफ कर. कामात होते.

निकाल प्रशासकांना पंधरा ऑगस्टच्या आत हवा आहे.

भिंगरी


१२ जुलै

भिंगरी,

तक्ते शेजारच्या मास्तरणीकडून वाचून घेतले, हे पत्रही तिच्याच हातचं. आकडे तीनदा केले. आधी निकाल सांगते, मन घट्ट कर. हवेच्या गादीवर चाळिसांत तेरा जणांना बेडसोर झाले, नेहमीच्या गादीवर चाळिसांत बारा जणांना. फरक नाही. असला तर उलटा.

तिथेच थांबले असते तर गाद्या काही कामाच्या नाहीत असं लिहून मोकळी झाले असते. पण सवयीने वयाची सरासरी काढली. हवेच्या बाजूला सत्तर, नेहमीच्या बाजूला साठ. वजन सेहेचाळीस आणि सत्तावन्न. भिंगरी, चिठ्ठ्या अशा पडत नाहीत. हजारदा डबा हलवला तरी एकदाही नाही. म्हातारी, हडकुळी माणसं वेचून हवेच्या गादीवर गेली आहेत. ज्यांची पाठ जाणारच होती ती सगळी एका बाजूला. गादीने त्यांना सावरलंही असेल, पण तराजूच वाकडा, तर कळणार कसं?

मग विचार केला, आत काय आहे हे कोणाला तरी बाहेरून दिसत असलं पाहिजे. म्हणजे पाकिटंच आरपार असली पाहिजेत, आणि तो माझा दोष. चांदीचा कागद शेवटी कमी पडत होता. प्रत्येक पाकिटात तो गेला की नाही हे मी बोटांनी ठरवलं, डोळ्यांनी नाही. खिडकीशी धरून कोणी बघितलं असेल तर तुमच्या त्या उशीवाल्या बाईंनी. त्यांचा स्वभाव तू लिहिलाच होतास. त्यांना बोलू नकोस. दार उघडं टाकणारी मी.

गाईड मॅडमना पत्र लिहिते आहे की पाकिटं सदोष होती आणि उशिराच्या पाळीत क्रम बिघडला असावा. तुझ्यावर काही येणार नाही. त्या तिघी विद्यार्थिनींना आजच कळवलं की दुसरं कोणीतरी बघा. जिला आपलंच पाकीट दिसत नाही तिने दुसऱ्याचा अभ्यास हातात घेऊ नये.

ताई


१९ जुलै

ती. ताई,

घाईत लिहिते. मॅडमना सध्या काही लिहू नकोस. उशीवाल्या बाई रजेवर आहेत, त्यांच्याशी बोलल्याशिवाय काही ठरवायला नको. पाकिटांचं एवढं मनावर घेऊ नकोस, कोणाचीही चूक होऊ शकते. डोळ्यांना जप.

भिंगरी


२५ जुलै

चि. भिंगरी,

हे पत्र तुझ्या ताईला न सांगता लिहितो आहे. अक्षर ओळखशीलच. डिंकाबद्दल तू जे लिहिलं होतंस त्याचा राग नाही.

तुझं एकोणीस तारखेचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. ‘कोणाचीही चूक होऊ शकते’ या वाक्यावर तिने मला थांबवलं, परत वाचायला लावलं, मग म्हणाली, बघा, तिलाही तसंच वाटतं. तेव्हापासून जेवणावर लक्ष नाही. उरलेली दोन कोरी पाकिटं घेऊन खिडकीत बसते. एकदा या डोळ्याला लावते, एकदा त्या. मला विचारते, दिसतं का आरपार? मी म्हणतो, काही दिसत नाही, मी स्वतः प्रत्येकात कागद घातलाय. ती म्हणते, तुम्ही रेडिओ ऐकत होतात. आता रेडिओ ऐकत होतो हे खरं आहे, पण हात माझे चालू होते. चाळीस वर्षं भांडारात नग मोजण्यात गेली, नगाला नग लागतोच माझा.

म्हणून तुला सरळ विचारतो. पाकिटं ठीक होती असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. मग तिथे काय झालं? तुला काही दिसलं असेल तर लिही. तुला सांगता न येण्यासारखं असेल तर तेही लिही.

मॅडमना लिहिलेलं पत्र माझ्या खिशात आहे. त्यात त्या उशीवाल्या बाईंचंही आहे. शनिवारपर्यंत टाकत नाही. त्यापुढे जमणार नाही, कारण ती रोज विचारते, टाकलं का? चेहरा तिला नीट दिसत नसला तरी आवाज ऐकू येतो, आणि या वयात मला नवीन खोटं जमायचं नाही.

तुझे भावजी


३१ जुलै

ताई, भावजी,

हे दोघांना लिहिते. भावजी, एका दमात वाचून दाखवा, मध्ये थांबू नका. पत्र खिशातच राहू द्या. तेवढं सांगायला फोनही केलाय मी, पण तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणालात, म्हणून कारण कागदावर देते.

पाकिटांना काही झालेलं नाही. उशीवाल्या बाईंनी एकालाही हात लावलेला नाही. मी केलं.

सोळापर्यंत सगळं नियमाने केलं. मार्चमध्ये एका सकाळी दोघी दाखल झाल्या. एक पन्नाशीची, धडधाकट, फक्त एका पायातली ताकद गेलेली. दुसरी ऐंशीच्या पुढची, एवढीशी, उचलली तर चादरीसकट हातात येईल अशी. दोघींच्या सह्या झाल्या. सतरावं आणि अठरावं पाकीट मी एकदमच फोडलं. पन्नाशीच्या बाईंची सही आधीची होती आणि सतराव्यात ‘हवेची’ निघाली. मी दोन्ही चिठ्ठ्या हातात धरून उभी राहिले. खोलीत कोणी नव्हतं. कोणी असतं तर केलं असतं का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. मी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

त्यानंतर तुला तो प्रश्न विचारला. म्हणजे विचारलं तेव्हा एकदा करून झालं होतं. परवानगी मिळते का ते बघत होते की पकडलं जावं असं वाटत होतं, ठाऊक नाही. तू लिहिलंस, मिनिटासकट लिही. तुझ्या त्याच वाक्याने मला वाट दाखवली. पुढे मी एकेकाची सही अडवून धरायला लागले, जोडी जमेपर्यंत. जोडी जमली की दोन्ही पाकिटं फोडायची, हडकुळ्याला हवेची द्यायची, आणि वहीत मिनिटं त्याप्रमाणे लिहायची. कधी चिठ्ठ्याच मनासारख्या यायच्या. अकरा वेळा आल्या नाहीत, तेव्हा बदलल्या.

दर वेळी वाटायचं, एवढ्या एकीने काय बिघडतं. आणि ताई, खरं लिहायचं तर नुसती दया नव्हती ती. नातेवाईक हात धरून म्हणायचे, सिस्टर, तुमच्या हातात आहे हो. नाही माझ्या हातात, असं म्हणायचं होतं. पण ते माझ्या हातात आहे हे आवडायला लागलं होतं.

शेवटची जोडी मे महिन्यातली, एकाहत्तर आणि बहात्तर. एक आचारी, बेचाळीस वर्षांचा, मोठ्या खानावळीत मोठमोठी पातेली उतरवणारा. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड, पण शुद्धीवर. डाव्या हाताने स्वतः सही केली, आधी. एकाहत्तरात त्याच्यासाठी ‘हवेची’ होती. त्याच्यानंतर एक आजी. मी ती गादी आजीला दिली. वाटलं, हा तगडा आहे, निभावेल. पण तगड्याला वळवायला तीन माणसं लागतात, आणि आम्ही दोघी. नवव्या दिवशी त्याच्या माकडहाडावरची कातडी गेली. आज तिथे माझी मूठ जाईल एवढी जखम आहे. अजून तो इथेच आहे. रोज सकाळी पट्टी मीच बदलते. त्याची बायको मला म्हणते, तुमच्यासारखा हात कोणाचा नाही.

तुझे आकडे वाचले तेव्हा कळलं की मी काय करून ठेवलं. ज्या गाद्यांसाठी एवढं केलं त्याच निरुपयोगी ठरल्या, आणि त्या माझ्याच दयेने ठरवल्या. तेव्हाच लिहायला हवं होतं. उलट एकोणीस तारखेला तुला डोळ्यांना जप म्हणून लिहिलं. ते वाक्य मी एका झटक्यात लिहिलं, खाडाखोड न करता. त्याचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं.

आता काय करू, सांग. पंधरा तारखेला निकाल द्यायचा आहे.

भिंगरी


७ ऑगस्ट

भिंगरी,

हे शेजारच्या मास्तरणीच्या हातून नाही, माझ्या हातून आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. वाच कशीबशी.

चिठ्ठ्या बदलल्यास त्याचा राग आहे, पण तो माझ्यातल्या मास्तरणीचा राग आहे, उतरेल. चुकतात माणसं. एकोणीस तारखेला मात्र तू मला आंधळी ठरू दिलंस. तुला माहीत होतं आणि तू ठरू दिलंस. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही.

आता कामाचं. तू आशेने विचारशील, म्हणून आधीच सांगते. आकड्यांतून काही वाचवता येत नाही. मॅडम म्हणतील, त्या अकरा जोड्या गाळा आणि उरलेल्यांवर निकाल द्या. तसं केलंस तर पुन्हा मला पत्र लिहू नकोस. कोणाची सही अडवायची, कोणाची कोणाशी जोडी लावायची हे तूच ठरवत होतीस, म्हणजे उरतील तेही तुझेच निवडलेले. वर पाठीची रोजची नोंदही तूच करत होतीस. या ऐंशी माणसांवरून गादी चांगली हेही म्हणता येत नाही, वाईट हेही नाही. ऐंशी माणसांनी आपली पाठ आपल्याला दिली आणि आपण ती वाया घालवली. आपण म्हणते, कारण यादी माझ्या कपाटात होती आणि मध्येच एकदा वय-वजन मागवून मी त्या यादीशी ताडून बघायला हवं होतं.

गप्प बसलीस तर गाद्या जातील. शिवाय त्या कुचकामी असल्याचा कागद मागे राहील आणि तो दाखवून दहा ठिकाणी नकार देतील. बोललीस तरी गाद्या जातीलच, पण तो कागद राहणार नाही. यापेक्षा बरं माझ्याकडे काही नाही.

ताई


२ सप्टेंबर

ती. ताई,

बोलले.

मॅडमनी तू म्हणालीस तेच सुचवलं, जवळजवळ त्याच शब्दांत. बावीस गाळा, अठ्ठावन्न उरतात, काम भागतं. मी कशी आहे ते तुला कळावं म्हणून सांगते, मी गाळून बघितलं. दोन दिवस तो कागद माझ्या पर्समध्ये होता. हवेच्या बाजूला सहा बेडसोर, नेहमीच्या बाजूला नऊ. प्रशासकांना एवढं पुरलं असतं. गाद्या राहिल्या असत्या. खोट्यातून का होईना, वॉर्डातल्या आठ पाठींचं भलं झालं असतं. हा हिशेब मला अजूनही पूर्ण चुकीचा वाटत नाही, आणि म्हणूनच माझ्या वाटण्यावर मी आता काही सोपवत नाही. कागद फाडला. तुझं पत्र पुढे ठेवून सगळं लिहिलं, खोट्या मिनिटांसकट, आणि समितीला दिलं.

समितीत पाच जण होते. कोणी आवाज चढवला नाही. पदवीच्या यादीतून माझं नाव काढलं. नोकरी राहिली, लेखी ताकीद मिळाली. प्रशासक साहेब एवढंच म्हणाले, सिस्टर, तुम्ही आकडे आणायचे होते. उशीवाल्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं की तुमच्यावर संशय आला होता आणि मी तो येऊ दिला होता. त्या म्हणाल्या, माझ्या उशा अभ्यास बिघडवतात म्हणालीस तेव्हा मला खरंच अपराधी वाटलं होतं गं. मग पाळी बदलायची वेळ झाली.

मंगळवारी भांडारातली माणसं गाद्या न्यायला आली. आठ जणांना उचलून साध्या गादीवर घेतलं. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, माझं काही चुकलं का?

समितीने आणखी एक सांगितलं होतं. ज्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या त्यांना कळवायचं. बहुतेक जण घरी गेलेत, त्यांना पत्रं टाकली. चार जण हयात नाहीत. वॉर्डात एकच आहे, तो आचारी. तीन दिवस मी पट्टी बदलली आणि बोलले नाही. काल सकाळी बोलले. त्याची बायको पलीकडे उभी होती. मी सगळं सांगितलं. पाकीट, चिठ्ठी, ती आजी. उभ्यानेच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही.

तो छताकडे बघत होता. मग जड जिभेने म्हणाला, "ती म्हातारी वाचली?"

नाही म्हटलं. नवव्या दिवशी गेली. पाठ शेवटपर्यंत चांगली होती.

त्याने मान हलवली, त्याचा अर्थ मला लागला नाही. त्याची बायको मात्र माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "हे आम्हाला आत्ता कशाला सांगितलंत? यांची जखम भरणार आहे का त्याने? की तुमचं ओझं उतरावं म्हणून?"

मी म्हटलं, समितीने सांगायला लावलं. हे अर्धं खरं होतं, म्हणून मग म्हटलं, हो, त्यासाठीही.

"मग उतरलं का?"

तेवढ्यात त्याने डाव्या हाताने खाटेच्या दांडीवर ठकठक केलं. वळवायची वेळ होऊन गेली होती, पाठ दुखत असणार. माझ्या जोडीची सिस्टर दुसऱ्या टोकाला सलाईन लावत होती, मावशी खाली गेली होती. मी एका बाजूने चादरीची कड गुंडाळून धरली आणि थांबले, कारण एकटीने होत नाही. त्याची बायको समोर आली. तिने तिच्या बाजूची कड मुठीत घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

वळवताना एक, दोन, तीन हे सिस्टरने म्हणायचं असतं, म्हणजे दोघींचा जोर एकदम लागतो. काल ते तिने म्हटलं आणि मी तिच्या मोजण्यावर ओढलं.

भिंगरी